बियाण्याचं वांगं

आमच्या घरात वर्षातलं सगळ्यात चांगलं वांगं कधीच कुणी खाल्लं नाही. घरात काही कमी होतं अशातला भाग नाही. थंडी पडली की परसातली झाडं वांग्यांनी वाकायची आणि आल्यागेल्याच्या पिशवीत दोन-चार कोंबल्याशिवाय त्याला सोडलं जायचं नाही. पण त्या सगळ्यांत जे भरदार, सरळ, बिनडागाचं असेल त्याच्या देठाला चिंधी बांधली जायची. चिंधी बांधली की ते बियाण्याचं झालं. मग घरी व्याही येवोत नाहीतर आमदार येवो, त्या वांग्याला कुणी हात लावायचा नाही.

चिंधी बांधायचा मान आमच्या ह्यांचा. त्यांच्याकडे तो त्यांच्या वडिलांकडून आला होता आणि वडिलांकडे त्यांच्या वडिलांकडून. भरताचं हिरवं वांगं, अंगावर पांढरट रेघा, साल पातळ आणि पोटात बी अगदी थोडं. बी थोडं म्हणून तर त्याला चव. आणि बी थोडं म्हणूनच बियाण्यासाठी मोठ्यात मोठं फळ राखावं लागायचं, नाहीतर पुढच्या वर्षीच्या वाफ्यात टाकायचं काय? चिंधी म्हणून हे आपलं फाटकं बनियन फाडायचे. मी एकदा म्हटलं, निदान धुतलेलं तरी फाडा. तर म्हणाले, "तुले काय करनं शे? तुले थोडंच खावानं शे ते?"

भरताच्या वांग्याचं एक बरं असतं. ते कोवळं असतं तेवढेच दिवस मोहाचे. झाडावर राहिलं की साल जाड होते, हिरवा रंग जाऊन पिवळा चढतो, आत बी टणक होतं आणि गर कडवट. तेवढे दिवस हात आवरला की पुढे आवरायची गरजच राहत नाही, कारण खाण्यासारखं काही उरत नाही. मग ते पिकून जड झालं की तोडायचं, मऊ पडेपर्यंत कोनाड्यात ठेवायचं, चिरून पाण्यात कुस्करायचं. तरंगलेलं बी फेकायचं, तळाशी बसलेलं घ्यायचं, राख लावून सावलीत वाळवायचं आणि पुरचुंडी बांधून डब्यात. हे सगळं आमचे हे एखाद्या पूजेसारखं करत. खऱ्या पूजेला मात्र बसवलं की दहा वेळा उठायचे.

मला हा सगळा कारभार समजायला जड गेला नाही. मी धुळ्याला सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागले तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते. गाव धरणगावपासून थोडं आत. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, तिथे गाडी बदलायची आणि मग धरणगाव, तिथून मिळेल ते वाहन. रोज येणं-जाणं शक्य नव्हतं. धुळ्यातच, देवपुरात एक खोली घेतली. शनिवारी घरी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं. असं म्हणता म्हणता सगळी नोकरी गेली.

शनिवार-सोमवारचं काही वाटत नाही माणसाला. खरा वाईट वार गुरुवार. सोमवारी घरून आणलेल्या भाकरी आणि ठेचा संपलेला असतो, शनिवार अजून लांब असतो, खोलीत घरमालकिणीच्या टीव्हीचा आवाज येत असतो आणि जीव नुसता कासावीस होतो. आमच्या कार्यालयाकडून खोलीवर जायचा सरळ रस्ता एस.टी. स्टँडवरून होता. एरंडोलची गाडी उभी असायची, दार उघडं, कंडक्टर खाली उभा राहून ओरडत असायचा. एक पाय पायरीवर टाकायचा अवकाश, रात्रीच्या जेवणाला मी माझ्या ओट्यावर. रजा शिल्लक असायची. साहेबही तसे बरे होते. पण एकदा मधल्या वारी गेलं की दर गुरुवारी जावंसं वाटेल, हे मला माझ्यापुरतं माहीत होतं. खात्याची परीक्षा द्यायची होती, बढती घ्यायची होती, मुलाचं शिक्षण डोळ्यांसमोर होतं. म्हणून मी स्टँडवरून जायचंच सोडलं. मागच्या गल्लीतून, गिरणीच्या अंगाने, वळसा घालून जायची. लोकांना वाटायचं बाई पायी चालून तब्येत राखते.

परीक्षा पास झाले. बढती मिळाली. मुलगा आधी वडिलांजवळ गावी होता, मग जळगावला वसतिगृहात, मग पुण्याला. तो इंजिनिअर झाला, तिकडेच त्याचं घर झालं. सगळं ठरवल्याप्रमाणे पार पडलं, कुठे काही बिघडलं नाही. आम्ही दोघं म्हणायचो, निवृत्त झाल्यावर निवांत राहू. मी निवृत्त होऊन घरी आले तेव्हा ह्यांचं दुखणं आधीच घरात येऊन बसलं होतं. एक हिवाळा आम्ही बरोबर काढला. त्या हिवाळ्यात हे अंथरुणातून मला खिडकीतून सांगायचे, डावीकडलं झाड बघ, त्याच्या मागचं बघ, नाही नाही, ते नको, त्याला बाक आहे. चिंधी मी बांधली, निवड त्यांची. उन्हाळ्यात ते गेले.

मला फार एकटं वाटतं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. धुळ्यालाही मी एकटीच असायचे, पण ते एकटेपण शनिवारी संपायचं. आता कुठला वार कशाचा आहे हे कॅलेंडर बघितल्याशिवाय कळत नाही. सकाळी दोन कप चहा होतो, हाताची सवय. दुसरा मी दुपारी गरम करून पिते आणि स्वतःवरच चिडते.

पाऊस सुरू झाला तसा मी डब्यातली पुरचुंडी काढली. त्यांच्या दुखण्यात त्या वर्षी बी फार निघालं नव्हतं आणि निघालेल्यातलं अर्धं उंदरांनी खाल्लं होतं. उरलेलं मी मागच्या दारी वाफ्यात टाकलं. थोडीच रोपं उगवली. ती लावली. एरवी कोपऱ्यापर्यंत झाडं असायची, यंदा मोरीपासून निंबाच्या झाडापर्यंत एक ओळ कशीबशी भरली. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला. मग अळी पडली. मग पानं बारीक व्हायला लागली, झुपक्यासारखी, आणि ज्या झाडाची पानं अशी होतात त्याला पुढे फळ धरत नाही. मी रोज सकाळी जाऊन बघायचे आणि रोज एक झाड उपटायचे. मोरीच्या भिंतीशी असलेलं एकच झाड धड राहिलं. त्याला एकच फळ सरळ लागलं.

त्याला मी माझ्या जुन्या साडीचा काठ फाडून बांधला. निवडायचा प्रश्नच नव्हता. बाकीच्या झाडांवर किडकी, वाकडी चार-दोन होती. हे एक गेलं की आमच्या घरातलं वांगं संपलं. गावात दुसऱ्या कुणाकडे मागावं तर तीही सोय नाही. आता सगळे ट्रेमधली रोपं आणतात, जोमदार येतात, भराभर तोडायला होतात. पूर्वी ज्यांनी आमच्याकडून बी नेलं त्या सगळ्यांनी केव्हाच सोडलं.

शेजारच्या घरात माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही म्हणते. अक्का रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतात. सांत्वन करायला येतात असं त्यांना वाटतं. खरं म्हणजे त्यांच्या सुनेशी त्यांचं पटत नाही.

त्यांनी चिंधी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "येडी शे का तू? कोनकरता ठेवी राह्यनी व?"

"बियाण्याला."

"आते कोन लावस घरनं बी? बठ्ठा नर्सरीमाईन रोपं आनतस. आनि तुन्हा पोऱ्या काय शेती कराले येनार शे का?" त्यांनी वांग्याला खालून हात लावून वजन पाहिलं, आणि त्यांचाही चेहरा जरा निवळला. "कोवळं शे तवलगून भरीत करी टाक. मी भाकरी लई येस."

त्यांची भाकरी चांगली असते. मोह तिथपासूनच सुरू झाला म्हणायचा.

आमच्याकडे आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं वर्ज्य. झाडावर लटकलेलं दिसतं, पण खायचं नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की मग मोकळीक. यंदा मी खंडोबाला एका किडक्या वांग्यातली अळी काढून, चांगला तेवढा भाग भाजून भरीत दाखवलं. देवाने काही तक्रार केली नाही. मला मात्र ते ताट बघून रडू आलं, कारण त्या दिवशी आमच्या परसात पंधरा-वीस माणसं जेवायला असायची आणि हे बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, वांगी ठेचत सगळ्यांना हुकूम सोडायचे.

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, रविवारी येतोय आम्ही दोघं. भरीत कर हं."

त्याच्या आबांचे, म्हणजे ह्यांचे, दिवस झाल्यानंतर तो आला नव्हता. येतो येतो म्हणायचा आणि काहीतरी निघायचं. मी विचारायचंही सोडलं होतं, कारण विचारलं की त्याच्या आवाजात एक ओझं येतं आणि ते मला ऐकवत नाही. आता तो स्वतःहून येत होता. फोन ठेवून मी घरातल्या घरात तीन फेऱ्या मारल्या आणि मग काही सुचेना म्हणून सगळे डबे पुसून काढले.

भरीत कर म्हणाला, पण कशाचं? झाडावर वांगं एकच होतं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी काय केलं हे सांगायला हसू येतं. मी त्या वांग्याशी भांडत होते. सकाळी मोरीवर तोंड धुवायला गेलं की ते समोर. साल ताणलेली, चकचकीत, अंगठ्याने दाबलं की जरा आत जाऊन परत वर येणारी. भरताला याहून चांगली वेळ नसते. दोन दिवस आधी ते कच्चं असतं, आठवड्याने ते निबर होतं. पोरगा बरोबर त्याच वेळेला येत होता, जणू त्या वांग्याने त्याला बोलावलं होतं. आणि माझ्या मनात येई, तोडावं. एवढा हट्ट कुणासाठी? ज्यांचं वांगं ते गेले. ज्याच्यासाठी सगळं केलं तो येतोय. त्याला बाजारातलं आणून घालू? स्वतःच्या घरी? तो चार घास जास्त खाईल, कदाचित रात्री राहील, कदाचित पुढच्या महिन्यात परत येईल. अशा हिशोबाने मन फार लवकर पळतं.

आणि लगेच दुसरं मन म्हणे, बाई, एका दुपारच्या जेवणासाठी तीन पिढ्यांचं बी भाजून खाणार का? वांगी बाजारात मिळतात. हे मिळत नाही.

शनिवारी सकाळी मी चाकू घेऊन मागे गेले. खोटं कशाला सांगू, तोडायलाच गेले होते. देठ हातात धरला. साडीच्या काठाची गाठ दवाने घट्ट बसली होती. ती सोडवायला गेले तर सुटेना, आणि चाकूने कापायची म्हटलं तर हात काही चालेना. मला एकदम तो धुळ्याचा रस्ता दिसला, गिरणीकडून वळसा घालून जायचा. इतकी वर्षं ज्या बाईने एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवला नाही ती आता एका वांग्यापुढे हरणार? माझा मलाच राग आला. चाकू घरात नेऊन ठेवला, साडी बदलली आणि धरणगावच्या बाजारात गेले.

भाजीवाला शपथेवर सांगत होता, एकदम देशी आहे, बी सापडलं तर परत आणा. दिसायला वांगी चांगली होती. थोडी जास्तच सारखी होती, सगळी एका साच्यातली. मी निवडून घेतली, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवली म्हणजे वाटेत कुणाला दिसायला नको. अक्का ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. अक्का बोलत नाहीत म्हणजे त्यांना सगळं कळलेलं असतं.

रविवारी दोघं साडेअकराच्या सुमाराला आली. मुलगा वाळला होता. त्याच्या कानशिलाजवळ पांढरे केस दिसले. ते कधी आले हे मला ठाऊक नव्हतं. सूनबाईंनी ह्यांच्या फोटोला हार आणला होता. मुलगी गुणी आहे, पण माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्याआधी जरा थांबते. मीही थांबते. त्यामुळे आमचं बोलणं रेल्वेच्या फाटकासारखं उघडत-मिटत चालतं.

मी अंगणात पऱ्हाटीचा जाळ केला. कपाशीच्या वाळक्या काड्या झट पेटतात आणि वांग्याला धुराचा वास लावतात, गॅसवर ते काही होत नाही. मुलगा हातपाय धुवायला मोरीवर गेला. बराच वेळ आला नाही. मी डोकावून पाहिलं तर तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, हातात टॉवेल. मला वाटलं फोनवर असेल. हाक मारली तसा आला.

बडगीत वांगी त्याने ठेचली. मिरच्या, लसूण, शेंगदाणे मी वरून टाकत होते. त्याचे वडील ठेचायला बसले की उजवा गुडघा वर घ्यायचे, तोही तसाच बसला होता. मी त्याला तसं सांगणार होते, पण त्याऐवजी आणखी मूठभर शेंगदाणे टाकले. वरून कांद्याची पात घातली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी अक्कांकडून आल्या होत्या, सोबत निरोप होता की त्यांचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय म्हणून येत नाहीत. मला माहीत होतं गुडघ्याला काही झालेलं नाही. घरच्यांना एकत्र बसू द्यावं म्हणून त्या आल्या नाहीत.

सूनबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "आई, वांगी घरचीच ना?"

"हो," मी म्हटलं. विचार करायच्या आधी तोंडातून गेलं.

मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो जेवत राहिला. मग म्हणाला, "तीच चव आहे आई. आबांच्या वांग्यांची."

मला आनंद व्हायला हवा होता. निसटले होते ना मी. मोह टाळला, बी वाचलं, पोरगाही खूश. पण तीच चव? मी शनिवारी चाकू घेऊन उभी होते ते कशासाठी मग? पोटच्या पोराला बाजारातलं आणि घरचं ओळखू येत नसेल, तर तीन पिढ्या चिंध्या बांधत बसल्या त्या कुणासाठी? मला इतका राग आला की मी उठून उगाच चुलीवरचं पाणी बघायला गेले.

चारच्या आत ती दोघं निघाली. मध्यरात्रीच्या आत पुणं गाठायचं म्हणून. गाडीत मी शेवया, पापड, मेथी असं काय काय भरलं. त्याने मला वाकून नमस्कार केला, आणि उठताना क्षणभर माझा खांदा धरला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी फाटकात उभी होते. मग अक्का आल्या आणि म्हणाल्या, "चाल घरमा, थंडी पडनी." तशी मी आत आले.

सोमवारी सकाळी वांगं अजून कोवळंच होतं. आता तर अडवायलाही कुणी नव्हतं आणि कारणही नव्हतं. तोडून, भाजून, एकटीने खाऊन टाकावं. आयुष्यात एकदा तरी कळेल, त्या सगळ्यात चांगल्या वांग्याची चव काय असते. ह्यांना ती माहीत नव्हती. सासऱ्यांना माहीत नव्हती. ज्या चवीसाठी एवढं राखलं ती आमच्यापैकी कुणी चाखलेली नाही, हा विचार मला पहिल्यांदाच आला आणि मी मोरीच्या दगडावर बसले ती बराच वेळ बसूनच राहिले.

तरी मी ते तोडलं नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. ते खाल्लं असतं तर दुपारपर्यंत सगळं संपलं असतं. मग मंगळवारी सकाळी उठून मी काय बघायला गेले असते? पूर्वी शनिवारची वाट पाहायची, मग बढतीची, मग मुलाच्या निकालाची, मग निवृत्तीची. वाट पाहणं एवढं एकच काम मला नीट येतं. ते वांगं पिवळं पडणार, पिकणार, त्याचं बी होणार, मृगात ते पेरायचं, एवढी तरी पुढची गोष्ट माझ्यापाशी राहील म्हणून मी ते ठेवलं. लोक याला निग्रह म्हणतात. माझ्याही बाबतीत सगळे तेच म्हणाले. त्यातला किती निग्रह होता आणि किती एकटेपणाची सवय, मला आता सांगता येत नाही.

दिवस गेले. वांग्याच्या बुडाशी पिवळटपणा दिसू लागला. मी रोज पाणी घालायची आणि त्याला टोमणे मारायची. बस म्हटलं आता राजासारखा, तुझ्यामुळे मी पोराशी खोटं बोलले.

संक्रांतीच्या आसपास मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. तब्येत, गोळ्या, गॅसचा सिलिंडर. मग तो म्हणाला, "आई, त्या दिवशी वांगी बाजारातली होती ना?"

माझ्या हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं. "कशावरून?"

"बी लागत होतं दाताला. आपल्या वांग्याला कुठे लागतं?"

"मग तीच चव म्हणालास ते?"

"तू एवढं केलं होतंस. काय म्हणणार होतो?" तो हसला. "आणि मागे मोरीपाशी चिंधी बांधलेलं दिसलं होतं मला. एकच आहे ना ते?"

"एकच," मी म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. म्हणजे त्याला कळत होतं. त्याच्या दाताला कळत होतं, डोळ्याला कळत होतं. वाया काही गेलं नव्हतं. मी घाईघाईने सांगू लागले की झाडं कशी गेली, बी कसं थोडंच होतं, ते तोडलं असतं तर सगळंच संपलं असतं, म्हणून मी किती कष्टाने मन आवरलं. तो ऐकत होता. मला वाटलं आता म्हणेल, आई, शाब्बास. आबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

"हो, बरोबर केलंस," तो म्हणाला. मग तिकडे दार लावल्याचा आवाज आला.

"आई, रागावू नकोस," तो म्हणाला, "पण ते बघून मी तिथे उभा राहिलो ना, तेव्हा मला वाटलं होतं की हे आज माझ्यासाठी तोडशील. एकदा तरी. बी-बी जाऊ दे, पोरगा आलाय म्हणून."

मी म्हटलं, "अरे, याचं बी लावते ना मृगात. पुढच्या थंडीला ये, तुला पोटभर घालते."

"हो आई," तो म्हणाला. अगदी शहाण्या मुलासारखं म्हणाला. "पुढच्या थंडीला येतो."

फोन ठेवून मी तशीच चाकू घेऊन मागे गेले. वांगं पुरतं पिवळं पडलं होतं. मी अंगठ्याने दाबून पाहिलं. ते लाकडासारखं टणक लागलं.